दोन मॉनिटर जुळवायचे ते इंचांवरून की रिझोल्यूशनवरून?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही चोपडा गावात केळी आणि कापसाच्या अडत्यांचे हिशेब लिहिता, जीएसटीचं काम पाहता. टेबलावर २१.५ इंची फुल एचडी, म्हणजे १९२०×१०८० चा, मॉनिटर आहे. कपाटात १८.५ इंची जुना, १३६६×७६८ चा, पडून आहे. आता २७ इंची घ्यायचाय. दुकानदार म्हणतो फोर-के, म्हणजे ३८४०×२१६० चा, घ्या. मित्र म्हणतो फुल एचडीच घे, म्हणजे दोन्हींचं रिझोल्यूशन सारखं राहील. जुना जोडून पाहिलात तर अक्षरं एकीकडे लहान, एकीकडे मोठी, आणि माउसचा बाण मध्येच भिंतीला धडकल्यासारखा थांबतो. तर कोणता घ्यावा, आणि जुना चालेल का?

उत्तर आधी देते. २७ इंची, पण २५६०×१४४० चा घ्या. बाजारात त्याला टू-के किंवा क्यूएचडी म्हणतात. जुना टाकू नका, तिसरा म्हणून वापरा, मात्र थोडा मागे सरकवून. हे का, ते नीट समजून घ्या. उद्या तुमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी हाच प्रश्न विचारला तर त्यांचं उत्तर वेगळं येईल, आणि ते तुम्हाला स्वतः काढता यायला हवं.

मी जळगावात १९ वर्षं लग्नाचे अल्बम आणि छपाईची पानं लावते. त्यातूनच पुढे लोकांच्या कचेऱ्यांतली टेबलं लावून द्यायचं काम सुरू झालं. इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त पैसे वाया गेलेले पाहिले ते तुमच्या मित्राच्या समजुतीपायी: रिझोल्यूशन सारखं असलं की मॉनिटर जुळले. तसं होत नाही. रिझोल्यूशन म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. तेच १९२० ठिपके लहान काचेवर दाटीने बसतात आणि मोठ्या काचेवर पांगतात. डोळ्याला संख्या दिसत नाही, ठिपक्याचा आकार दिसतो. म्हणून पाहायचं ते एका इंचात किती ठिपके बसलेत. दुकानदार याला पीपीआय म्हणतात.

हे काढायला वर्गमूळ वगैरे लागत नाही. घरातला शिवणकामाचा टेप घ्या. मॉनिटरची काळी चौकट सोडून नुसती उजळणारी काच आडवी मोजा, इंचांत. आडव्या ठिपक्यांच्या संख्येला त्या मापाने भागा. तुमचा २१.५ इंची आडवा पावणेएकोणीस इंच भरेल. १९२० ला त्याने भागलं की १०२. कपाटातला १८.५ इंची आडवा सुमारे १६ इंच, १३६६ भागिले १६, म्हणजे ८५. २७ इंची आडवा साडेतेवीस इंच असतो. त्यावर फुल एचडी असेल तर ८२, १४४० वाला असेल तर १०९, फोर-के असेल तर १६३. आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या १०२ च्या सगळ्यात जवळ कोण आहे? १०९. निम्मं उत्तर इथंच मिळालं.

मित्राचा सल्ला मानला असता तर काय झालं असतं? १०२ च्या शेजारी ८२. चारशे ठिपके रुंदीचा एक्सेलचा तोच स्तंभ तुमच्या २१.५ इंचीवर १० सेंटिमीटर दिसेल आणि नव्यावर साडेबारा. म्हणजे सव्वापट. शिवाय नव्या, मोठ्या, महागड्या काचेवर ओळी तेवढ्याच मावतील जेवढ्या जुन्यावर मावत होत्या, कारण ठिपके वाढलेलेच नाहीत. खातेवहीचं पान मोठं केलं आणि ओळी तेवढ्याच आखल्या, असा तो प्रकार. ज्यांची नजर अधू झालीय, ज्यांना एकच मॉनिटर वापरायचाय आणि अक्षरं मोठी हवीत, त्यांना २७ इंची फुल एचडी मी स्वतः सुचवते. तुमच्यासाठी नाही.

दुकानदाराचा फोर-के मात्र वाईट सल्ला नाही, आणि तो का नको ते जरा सावकाश सांगायला हवं. विंडोजमध्ये प्रत्येक मॉनिटरला स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं किती टक्के मोठी दाखवायची ते, वेगळं देता येतं. फोर-केला १५० टक्के दिलं की १६३ भागिले दीड म्हणजे पुन्हा १०९. अक्षरं तुमच्या २१.५ इंचीच्या जवळपास त्याच मापाची दिसतील, आणि कितीतरी रेखीव. देवनागरीला तर हा रेखीवपणा फार मोलाचा. मी पानं तपासते तेव्हा बारीक अक्षरात ‘द्ध’ आहे की ‘ध्द’, अनुस्वार आहे की छपाईचा डाग, हे विरळ ठिपक्यांच्या काचेवर कळत नाही, फोर-केवर चटकन कळतं. म्हणून माझ्या मुद्रितशोधनाच्या टेबलावर फोर-के आहेत. पण दोन आहेत, एकाच मापाचे, दोन्ही १५० टक्क्यांवर.

एक दाट आणि एक विरळ शेजारी आले की दोन दुखणी सुरू होतात. पहिलं जुन्या सॉफ्टवेअरचं. प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केलिंग देण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ साली, ८.१ मध्ये आली, आणि त्यातले बरेच खाचखळगे २०१७ च्या विंडोज १० मध्ये बुजले. त्याआधी लिहिलेले हिशेबाचे, बिलिंगचे, छपाईचे कित्येक प्रोग्राम अजून आपल्याकडे सर्रास चालतात. त्यांना हे वेगळेपण कळतच नाही. १०० टक्क्यांच्या मॉनिटरवरून १५० च्या मॉनिटरवर खिडकी ओढली की विंडोज ती फोटोसारखी ताणून मोठी करतं आणि अक्षरं धुरकट होतात. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्या माणसाचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरतात ते यामुळे, आणि तो चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टरकडे जातो.

दुसरं दुखणं बाणाचं, आणि तुमच्या तक्रारीचं मूळही हेच. डिस्प्ले सेटिंगमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात ना, ते इंचांत काढलेले नसतात, ठिपक्यांत काढलेले असतात. फोर-केचा चौकोन २१६० उंच, तुमच्या २१.५ इंचीचा १०८०. तुमच्या टेबलावर मात्र एक काच साडेतेहतीस सेंटिमीटर उंच असेल आणि दुसरी पावणेसत्तावीस. म्हणजे विंडोजच्या मते नव्याची अर्धी कड उघडी आणि अर्धी बंद. समजा दोन्हींच्या खालच्या कडा जुळवल्या आणि नव्या मॉनिटरवर तळापासून १० सेंटिमीटरवरून बाण सरळ डावीकडे नेला, तर तो २१.५ इंचीवर १६ सेंटिमीटरवर उगवेल. सहा सेंटिमीटर उडी. हात सरळ गेला, बाण वर गेला. आणि नव्याच्या वरच्या अर्ध्यातून नेलात तर तो जाणारच नाही.

आता हाच हिशेब १४४० वाल्यासाठी करा. १४४० आणि १०८० यांचं प्रमाण सव्वापटीहून थोडं जास्त, १.३३. दोन्ही काचांच्या खऱ्या उंचीचं प्रमाण १.२५. म्हणजे सेटिंगमधलं चित्र आणि तुमचं टेबल जवळजवळ सारखं. १० सेंटिमीटरवरून सोडलेला बाण साडेदहावर उगवतो, हाताला कळतसुद्धा नाही. वरच्या कोपऱ्यात बाण अडेल, पण तिथे शेजारी काचच नाही, त्यामुळे ते अडणं खटकत नाही. ठिपके जुळले की उंचीही आपोआप जुळते ती अशी. विंडोज ११ मध्ये बाण कोपऱ्यात अडू नये म्हणून ‘मल्टिपल डिस्प्लेज’ खाली एक खूण करायची सोय आहे, ती करून ठेवा. पण तिने अडलेला बाण सुटतो, उडी थांबत नाही.

धुळ्यात एका जिनिंगच्या कचेरीत गेले होते. तिथे तीन वेगवेगळे मॉनिटर होते, जसजसे मिळाले तसतसे जोडलेले. हिशेब पाहणारे नाना म्हणाले, “ताई, एक डोया आठे, एक डोया तठे. दुपारपर्यंत डोकं भणभणतं.” त्यांच्याकडे दोन २४ इंची फुल एचडी चांगल्या अवस्थेत होते. त्यांच्यासाठी मधला मी ३२ इंची १४४० वाला सुचवला. कारण २४ इंची फुल एचडीचे ठिपके ९२-९३ आणि ३२ इंची १४४० चेही तेवढेच. उंचीचं प्रमाणही १.३२, ठिपक्यांचं १.३३. जोडी अगदी नेमकी जुळते. मधल्यावर रुईच्या गाठींचा तक्ता, दोन्ही बाजूंना बँक आणि वजनकाट्याच्या पावत्या, आणि तिन्हींवर अक्षर एकाच मापाचं. ज्यांच्याकडे आधीच २४ इंची आहेत त्यांनी २७ च्या मागे न लागता हा विचार करावा. हेच तुमच्या २१.५ इंचीला लागू नाही, म्हणून मी तुम्हाला ३२ सांगत नाहीये. १०२ च्या शेजारी ९३ पण चालतील, पण अक्षर जरासं मोठं वाटेल आणि टेबलही मोठं लागेल.

वकीलसाहेबांचं म्हणाल तर त्यांना उतारे, दस्त आणि निकालपत्रांची उभी पानं वाचायची असतात. त्यांनी दोन २४ इंची घ्यावेत, एक आडवा आणि एक उभा फिरवून. मात्र उभा करायचा तो आयपीएस पॅनलचाच हवा, म्हणजे बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणाऱ्या काचेचा. जुन्या टीएन पॅनलचा उभा केला की डावीकडून एक रंग, उजवीकडून दुसरा, वाचवत नाही. आणि उभा केल्यावर अक्षरांच्या कडांना रंगीत झाक दिसली, तर विंडोजमधलं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरांच्या कडा नितळ करणारी सोय, त्या मॉनिटरवर पुन्हा एकदा चालवून पाहायचं.

आता तुमचा १८.५ इंची. ८५ ठिपके, म्हणजे अक्षर तुमच्या २१.५ इंचीपेक्षा २० टक्के मोठं. यावर एक साधा उपाय आहे: अंतर. मोठं दिसणारं थोडं लांब ठेवलं की डोळ्याला तेवढंच दिसतं. २१.५ इंची डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर हा ७२ वर ठेवा. फक्त १२ सेंटिमीटर मागे. टेबलाच्या कोपऱ्यात ढकलला तरी होतं. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा विश्वास बसेना इतका फरक पडला होता. तरीही या मॉनिटरवर तीच कामं ठेवा ज्यांच्या खिडक्या इकडून तिकडे ओढाव्या लागत नाहीत: ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, दुकानाचा कॅमेरा. ७६८ ठिपक्यांच्या उंचीत पोर्टलचा लांब अर्ज भरणं म्हणजे खिडकीच्या फटीतून शेत पाहणं.

लॅपटॉप जोडणाऱ्यांसाठी जाता जाता: १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपचे ठिपके १४१. त्याला १५० टक्के स्केलिंग दिलं की ९४, आणि शेजारचा २४ इंची १०० टक्क्यांवर ९२. जुळलं.

ठिपके जुळले की रंग जुळतोच असं नाही, आणि ही चूक मला महागात पडलीय. लग्नसराईच्या धावपळीत एका अल्बमचं काम मी दाट ठिपक्यांच्या लॅपटॉपवर आणि विरळ ठिपक्यांच्या २७ इंचीवर वाटून केलं. लॅपटॉपवर चेहरे लख्ख वाटले, कारण दाट काचेवर फोटोतला मऊपणा लपतो. शालूचा लाल एकीकडे कुंकवासारखा आणि दुसरीकडे विटकरी. मी सोयीचा तो खरा मानला. १२×३६ ची पानं छापून आली तेव्हा वधूचा शालू विटकरी आणि चेहरा किंचित हललेला. सगळी पानं पदरच्या पैशांनी पुन्हा छापली, कारण घरच्यांसाठी ते आयुष्यभराचं होतं. तेव्हापासून रंगाच्या कामासाठी एकच मॉनिटर खरा मानायचा, दुसऱ्यावर फक्त फाइली आणि साधनांच्या पट्ट्या, असा माझ्याकडे नियम आहे. तुमच्या हिशेबाला रंगाची एवढी पर्वा नाही, पण दोन्हींचा उजेड तरी सारखा करा. पांढरं एक्सेल दोन्हीकडे उघडा, मागे कागदाचा कोरा ताव धरा आणि जो जास्त चमकतो त्याचा ब्राइटनेस कमी करा. नवा मॉनिटर नेहमी डोळे दिपवणारा असतो. एकाचा पांढरा निळसर आणि दुसऱ्याचा पिवळट असेल तर मॉनिटरच्याच मेनूत कलर टेम्परेचर बदलून बघा. ६० हर्ट्झ आणि ७५ हर्ट्झ (सेकंदाला किती चित्रं) असा फरक असेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

केबलकडे मात्र लक्ष द्या. पैसे दिल्यावर लोक फोन करतात ते बहुतेक यासाठी. तुमच्या संगणकाला मागे मॉनिटरची केबल लावायची दोन तोंडं, एक जुन्या धाटणीचं व्हीजीए आणि एक एचडीएमआय, असावीत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. जुन्या मदरबोर्डवरचं (संगणकाच्या आतल्या मुख्य बोर्डावरचं) एचडीएमआय अनेकदा १९२०×१२०० वरच थांबतं. मॉनिटर १४४० चा, केबल चांगली, तरी यादीत २५६० दिसतच नाही, आणि माणूस मॉनिटर खराब म्हणून परत करायला निघतो. बोर्डाच्या पुस्तिकेत हा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो. डिस्प्लेपोर्ट हे तिसऱ्या प्रकारचं तोंड असेल तर प्रश्नच नाही, नवा मॉनिटर त्यावर लावा. फोर-के घेतलाच असता तर एचडीएमआय १.४ वर तो सेकंदाला ३० चित्रंच दाखवतो, ६० साठी २.० लागतं. ३० वर बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो. आणि व्हीजीएवर नवा मोठा मॉनिटर कधीही लावू नका, तिथे तुमचा १८.५ इंची राहू द्या.

तीन मॉनिटरसाठी तीन पोर्ट लागतील आणि ते तिन्ही एकाच वेळी चालायला हवेत. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपासून प्रोसेसरमधलंच ग्राफिक तीन मॉनिटर चालवतं, पण बोर्डावर तेवढी तोंडं हवीत. ग्राफिक कार्ड बसवलंत तर सगळे मॉनिटर कार्डालाच जोडा. बऱ्याच संगणकांत कार्ड बसलं की बोर्डावरची पोर्टं बंद होतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट, वीज. एक मॉनिटर यूपीएसवर आणि दुसरा थेट भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. मे महिन्यात दुपारी क्षणभर वीज गेली की दुसरा बंद पडतो, त्यावरच्या खिडक्या धाडकन पहिल्यावर येऊन पडतात आणि नोंद चालू असताना चुकीच्या खिडकीत टाइप होतं. सगळे मॉनिटर एकाच यूपीएसवर घ्या. २१.५ इंचीला २० वॉटच्या आसपास लागतात, २७ इंचीला ३० ते ४०. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बेरीज करून पाहा.

लावताना आधी टेबल, मग सेटिंग. मुख्य मॉनिटर अगदी समोर, दुसरा डावीकडे किंवा उजवीकडे किंचित आत वळवून. दोन्हींच्या खालच्या कडा एका रेषेत येतील असं पाहा. लहानाचा स्टँड ठेंगणा असेल तर सुताराकडून फळीचा तुकडा कापून घ्या, पुस्तकांची चळत ठेवू नका, ती सरकते. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये तेच चित्र उतरवा: चौकोन तळाशी जुळवून. दोन्हींना आपापलं मूळ रिझोल्यूशन, ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं तेच, आणि दोन्हींना स्केलिंग सारखं. अक्षर बारीक वाटलं तर दोन्हीकडे १२५ करा, एकीकडेच नको. नंतर एकदा लॉगआउट होऊन परत या, जुने प्रोग्राम त्यानंतरच नवं माप घेतात.

तपासणीसाठी एक्सेलची खिडकी अर्धी या काचेवर, अर्धी त्या काचेवर ओढा. आडव्या रेघा मधली चौकट ओलांडून सरळ पुढे गेल्या पाहिजेत. नाही गेल्या तर सेटिंगमधला चौकोन माउसने थोडा वरखाली करा. तुमच्या जोडीत रेघा अगदी काठोकाठ जुळणार नाहीत, ७ टक्क्यांचा फरक राहीलच, पण तुम्ही जिथे जास्त पाहता, म्हणजे काचेच्या मधोमध, तिथे जुळवून घ्या. खिडकी पूर्ण या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर न्यायला विंडोज, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण ही तीन बटणं एकत्र दाबा. हे बोटांना एकदा बसलं की ओढाओढ निम्म्याने कमी होते.

खरेदीला जळगावला गोलाणी मार्केटला याल तेव्हा सोबत टेप आणि तुमच्या मदरबोर्डचा नंबर आणा. मागची पोर्टं मोबाइलवर फोटो काढून आणली तरी चालेल. दुकानात मॉनिटर चालू करून घ्या, आधी पूर्ण पांढरी आणि मग पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेला ठिपका नाही ना ते पाहा, आणि रिझोल्यूशन डब्यावर २५६०×१४४० असं आकड्यांतच लिहिलंय हे वाचून घ्या. नुसत्या ‘टू-के’ या शब्दावर पैसे देऊ नका, काही जण फुल एचडीलाही तेच म्हणतात. बोर्डाचा नंबर मला आधी कळवलात तर एचडीएमआय २५६० देतं की कार्ड घ्यावं लागेल, ते निघण्यापूर्वीच सांगते.